सेंटर कुठल्या टीममध्ये बसेल हे कसं ओळखायचं

बास्केटबॉलमधल्या सेंटरबद्दल, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच माणसाबद्दल, बोलायला लागलं की आधी पॉइंट किती, रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं) किती, ब्लॉक (समोरच्याचा शॉट हाताने अडवणं) किती हेच निघतं, आणि मी पण बरीच वर्षं तसंच बघायचो. पण सेंटर ही अशी जागा आहे की त्याचे निम्मे आकडे बाकीचे चौघं ठरवतात, त्याला लॉब, म्हणजे बास्केटजवळ उंच पास, कोण टाकतो, त्याच्या अंगावर ड्राइव्ह करून, म्हणजे बॉल घेऊन घुसून, कोणाला येऊ दिलं जातं, रिबाउंडला बाजूला कोण उभा आहे, सगळं त्यावर. म्हणून आता मी सेंटरला बाजूला ठेवून आधी बाकीच्या चौघांची यादी करतो. बॉल कोण चालवतो, बाहेरून शूट कोण करतो, समोरच्या बॉल हँडलरला कोण अडवतो, आणि पेंटमध्ये, म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, घुसायला जागा कोणाला लागते. या यादीत जे भोक दिसतं ते सेंटरने बुजवायचंय.

याचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या एनबीए लीगमधला ब्रूक लोपेझ. पहिल्या आठ सीझनमध्ये या माणसाने मिळून ३१ थ्री (लाइनबाहेरून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) मारून बघितले आणि ३ घातले, पाठ रिमकडे (बास्केटच्या कड्याकडे) करून जवळच, पोस्टमध्ये खेळणारा जुन्या वळणाचा सेंटर. आणि २०१६-१७ मध्ये आधीपासूनच्याच नेट्स टीमकडून खेळताना एका सीझनमध्ये १३४ थ्री घातले! पुढे २०१८ मध्ये तो मिलवॉकीला गेला, तिथे त्यांचा स्टार यानिस, त्याला घुसायला पेंट मोकळा हवा होता, मग लोपेझ अटॅकमध्ये लाइनच्या बाहेर आणि डिफेन्समध्ये रिमखाली. नुसता आकडा बघितला तर सात फुटी माणूस आणि रिबाउंड इतके कमी कसे असं वाटेल, पण तेव्हाच्या मॅच बघा, तो समोरच्याच्या मोठ्या माणसाला बॉक्स आउट करून, म्हणजे अंगाने मागे रेटून, धरून ठेवतो आणि बॉल यानिस घेऊन पळतो. २०२१ ला ते चॅम्पियन झाले.

तर बघायचं कसं. एका मॅचची दहा मिनिटं बॉलकडे न बघता फक्त सेंटरकडे बघा, सुरुवातीला अवघड जातं पण जमतं. अटॅकमध्ये त्याची स्क्रीन (आपल्या खेळाडूच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं) खरंच लागते का, म्हणजे डिफेंडर अडकतो का नुसता वळसा घालून निघून जातो, आणि स्क्रीननंतर तो काय करतो, रिमकडे जोरात पळतो, थ्रीसाठी बाहेर येतो, की मध्येच बॉल घेऊन पुढचा पास देतो. रिमकडे पळणारा असेल तर लॉब टाकणारा गार्ड, म्हणजे बॉल चालवणारा खेळाडू, आणि कॉर्नरमध्ये शूटर लागतातच, नाहीतर त्याच्या वाटेत तीन जण उभे असतात. बाहेर येणारा असेल तर त्याच्या शूटिंगची टक्केवारी नंतर बघा, आधी त्याचा डिफेंडर कुठे उभा आहे ते बघा. तो लाइनपर्यंत येत नसेल, पेंटमध्येच पाय रोवून असेल, तर समोरची टीम त्या शूटिंगला घाबरत नाहीये, मग कागदावर तो शूटर असला तरी यानिससारख्याला त्याचा काही उपयोग नाही.

पास देणाऱ्या सेंटरचं वेगळं. डेन्व्हरचा योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) ४१ वा निवडला गेलेला, आणि डेन्व्हरने सुरुवातीला त्याला दुसरा सेंटर नुरकिचच्या सोबत एकत्र खेळवून बघितलं, दोघांना तीच जागा हवी होती, ते जमलं नाही. डिसेंबर २०१६ पासून एकटा योकिच सेंटर आणि डेन्व्हरचा सगळा अटॅक त्याच्या हातातून चालायला लागला, फेब्रुवारी २०१७ मध्ये नुरकिच पोर्टलंडला गेला. अशा सेंटरभोवती बॉल नसताना कट मारणारे, म्हणजे अचानक रिमकडे धावणारे, लोक पाहिजेत, उभं राहून बघणारे असतील तर त्याचे अर्धे पास जन्मालाच येणार नाहीत.

आता डिफेन्स, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो. २०२१ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) क्लिपर्सने युटासमोर पाचही शूटर उतरवले, युटाचा सेंटर गोबेअर, त्याने ड्राइव्ह थांबवायला रिमजवळ यायचं का कॉर्नरवर राहायचं, दोन्हीकडून अडकला, सहाव्या मॅचमध्ये क्लिपर्सच्या टेरन्स मानने ३९ पॉइंट केले. सगळे म्हणाले गोबेअर प्लेऑफमध्ये चालत नाही. पण ती मॅच परत बघा, प्रत्येक वेळी आधी बाहेरचा डिफेंडर एका ड्रिबलमध्ये मागे पडतोय, मगच गोबेअरला सोडून यावं लागतंय. २०२२ मध्ये मिनेसोटाने त्याच्यासाठी चार फर्स्ट राउंड पिक, म्हणजे ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडायचे हक्क, दिले, पहिल्या सीझनला ४२ विजय आणि सगळीकडून शिव्या, त्यात त्यांचा दुसरा मोठा माणूस टाउन्स जखमी होऊन फक्त २९ मॅच खेळला हे कोणी धरलंच नाही. पुढच्या सीझनला ५६ विजय, लीगमधला सगळ्यात चांगला डिफेन्स, आणि गोबेअरला चौथ्यांदा डिफेन्सिव्ह प्लेअरचा अवॉर्ड. माणूस तोच, पण पुढे मॅकडॅनियल्स आणि एडवर्ड्स बॉलला चिकटून होते. म्हणजे ड्रॉपमध्ये खेळणारा, मागे रिमजवळ थांबणारा सेंटर घ्यायचा तर स्क्रीनवरून लढत येणारे गार्ड आहेत का ते आधी तपासा. आणि कोचला सगळं स्विच करायचं असेल, म्हणजे स्क्रीन लागली की डिफेंडरनी आपापला माणूस बदलायचा असेल, तर गार्डसमोर सेंटरचे पाय किती हलतात तेवढंच महत्त्वाचं.

दोन मोठी माणसं एकत्र बसतील का हा प्रश्न पण नेहमी येतो. २०१९-२० मध्ये फिलाडेल्फियाने एम्बीडसोबत हॉरफर्ड खेळवला, त्यात त्यांचा बॉल चालवणारा सिमन्स बाहेरून शूट करत नव्हता, पेंटमध्ये नुसती गर्दी, आणि एका सीझननंतर हॉरफर्डला सोडलं. तोच हॉरफर्ड बॉस्टनला परत गेला आणि २०२४ ला चॅम्पियन झाला. उलट ओक्लाहोमाने हार्टेनस्टाइन आणि होमग्रेन एकत्र आणले आणि २०२५ ला जिंकले, कारण होमग्रेन बाहेरून शूट करतो आणि हार्टेनस्टाइन मधून पास देतो, दोघं एकाच जागेवर भांडत नाहीत.

लीग बदलली की पण फिट बदलतो. एनबीएमध्ये डिफेन्सला कोणाला गार्ड न करता पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमात ही अट नाही, शिवाय थ्रीची लाइन ६.७५ मीटरवर आहे, एनबीएत बास्केटच्या अगदी समोर ७.२४, त्यामुळे फिबामध्ये हळू पण उंच सेंटरला कमी पळावं लागतं.

शेवटची पाच मिनिटं कोर्टवर कोण असतं ते मात्र नक्की बघा. २०१५ च्या फायनलमध्ये वॉरियर्स २-१ ने मागे होते, चौथ्या मॅचला सेंटर बोगटच्या जागी इग्वोदाला नावाचा कमी उंचीचा खेळाडू सुरुवातीपासून उतरवला, साडेसहा फुटी ग्रीन सेंटरला, आणि पुढच्या तिन्ही मॅच जिंकल्या. बोगट वाईट नव्हता, त्या समोरच्या टीमसाठी तो नको होता. तसंच सेंटरचे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) कच्चे असतील तर समोरचे मुद्दाम फाउल करतात आणि कोचला त्याला बसवावंच लागतं. आणि तो कोर्टवर असताना-नसताना टीम कशी खेळते हा प्लस-मायनसचा आकडा बघताना बॅकअप सेंटर कोण आहे ते विचारा, बॅकअप अगदीच कच्चा असेल तर पहिला सेंटर आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.