गाचा मशीनमधला छोटा रोबो: स्केल ठरवण्यापासून मॅट कोटपर्यंत

जपानमध्ये असाल, किंवा कंपनीच्या कामाने महिनाभर टोकियोला जाणार असाल, तर गाचा मशीन्स, म्हणजे नाणी टाकली की कॅप्सूलमधलं खेळणं देणारी मशीन्स, चुकूच शकत नाहीत, स्टेशनबाहेर, मॉलच्या जिन्याखाली, सुपरमार्केटच्या दारात, रांगाच्या रांगा. १०० येनची नाणी टाकायची, हँडल फिरवायचं, खाली कॅप्सूल पडते. बहुतेक लोक त्यातली वस्तू बॅगेला लटकवतात नाहीतर ऑफिसच्या डेस्कवर ठेवून विसरतात. पण यातल्या सायन्स फिक्शनवाल्या मॉडेल्सवर जे काम करता येतं ना, ते मोठ्या महागड्या किटवर करायला पण एवढी मजा येत नाही असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणासाठी बांदाईची मोबाईल सूट एन्सेम्बल ही सिरीज धरू, २०१६ पासून चालू आहे, गंडाम या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेतले रोबो, मूळ किंमत ५०० येन. रोबो सुट्ट्या भागांत येतो, बोटाएवढा होतो, आणि सिरीजमध्ये शस्त्रांचे वेगळे सेट पण येतात, एकाचा हात दुसऱ्याला लावता येईल अशीच रचना आहे. बाकी कुठलीही मेका (म्हणजे महाकाय रोबो) किंवा स्पेसशिपची कॅप्सूल असली तरी खालचं सगळं तसंच लागू पडतं.

काय निघेल ते आपल्या हातात नसतं, मशीनवरच्या कार्डवर पूर्ण लाइनअप दिसते तेवढीच. पण कस्टम करणाऱ्याला, म्हणजे मॉडेलमध्ये मनासारखे फेरफार करणाऱ्याला, डबल आलेला पीस म्हणजे लॉटरीच, तो टाकू नका, बदलू नका, त्याचे पाय, पाठीवरचे थ्रस्टर, ढाल, सगळं सुट्टं करून डबीत ठेवा. एक विशिष्टच पाहिजे असेल तर टोकियोच्या अकिहाबारा भागात उघडलेले पीस सुट्टे विकणारी दुकानं आहेत, तिथे नेमका तोच घेता येतो. आणि नुसतं बघायला जायचं असेल तर टोकियोतल्याच इकेबुकुरोच्या सनशाइन सिटीतलं बांदाईचं गाशापोन (गाचाचंच बांदाईचं नाव) डिपार्टमेंट स्टोअर, २०२१ मध्ये उघडलं, तेव्हा ३,०१० मशीन्सचा गिनीज रेकॉर्ड झाला. तिथे मात्र बजेट ठरवूनच जा.

आता कॅप्सूल उघडल्यावर लगेच जोडायला बसू नका. आत एक घडी घातलेला कागद असतो, त्यावर जोडणीचं चित्र असतं आणि बारीक अक्षरात मटेरियल लिहिलेलं असतं. जपानी येत नसलं तरी एबीएस (ABS) आणि पीव्हीसी (PVC) ही प्लास्टिकच्या प्रकारांची अक्षरं बहुतेक वेळा इंग्रजीतच छापलेली असतात, ती शोधा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. नखाने दाबलं की किंचित दबतं, वाकवलं की परत येतं ते पीव्हीसी. कडक, टेबलावर आपटलं की टक्क वाजतं ते एबीएस. आणि सांध्यात कधीकधी एक गुळगुळीत, साबणासारखं हाताला लागणारं प्लास्टिक असतं ते पीओएम (POM), त्याला ना गोंद धरत ना रंग, त्याच्या नादी लागूच नका. प्लास्टिक मॉडेलचा पातळ सिमेंट गोंद पॉलिस्टायरीनसाठी असतो, पीव्हीसीला तो चिकटत नाही, तिथे फेव्हीक्विक टाइपचा गोंदच लागतो, तोही टाचणीच्या टोकाने, थेंबाच्या चौथ्या हिश्शाएवढा. पारदर्शक भागाजवळ तर अजून जपून, गोंदाच्या वाफेने तो भाग पांढरा पडतो.

मग भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात सगळे भाग धुवा, साच्यातलं तेल राहिलेलं असतं, त्यावर रंग टिकत नाही. कॅप्सूलमध्ये कोंबून कोंबून अँटेना किंवा तलवार वाकलेली असेल आणि ती पीव्हीसीची असेल तर गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, सरळ करा, लगेच थंड पाण्यात. साच्याची रेघ दिसते ती ६०० च्या पॉलिश पेपरने, मग १००० ने, पाणी लावून. मऊ पीव्हीसीवर पेपरने तंतू उठतात, तिथे नवीन ब्लेड लावलेल्या कटरने अलगद खरवडणं बरं पडतं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक सोडून देतात: स्केल, म्हणजे खऱ्या वस्तूच्या कितव्या हिश्शाएवढं मॉडेल आहे ते. एवढ्याशा रोबोचे डोकं आणि पाय मुळातच प्रमाणाबाहेर केलेले असतात, त्यामुळे तो किती उंच आहे हे तुम्ही ठरवायचं असतं. समजा तुमचा पीस ६ सेंटिमीटर आहे. त्याच्या शेजारी जपानी एन गेज रेल्वेचा (म्हणजे छोट्या मॉडेल रेल्वेचा) १/१५० माणूस ठेवलात, जो जेमतेम ११ मिलिमीटर असतो, तर तोच रोबो ९ मीटरचा होतो, तीन मजली घराएवढा. १/२२० चा माणूस ठेवला तर १३ मीटरच्या पुढे. आणि १/३५ चा सैनिक ठेवला, जो स्वतःच जवळपास ५ सेंटिमीटरचा असतो, तर रोबो २ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे तो आता रोबो राहिलाच नाही, आत माणूस शिरेल असा सूट झाला. एकच प्लास्टिक, तीन वेगळ्या गोष्टी.

हे आधी ठरवलं की बाकीचे निर्णय आपोआप होतात. १/१५० धरलं तर छातीवरचा दरवाजा ५-६ मिलिमीटर रुंद पाहिजे, शिडीची पायरी २ मिलिमीटरवर, आणि रंग उडाल्याचा १ मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या आयुष्यात १५ सेंटिमीटरचा पोपडा, तो तसाच वाटला पाहिजे. १/३५ धरलं तर तोच डाग साडेतीन सेंटिमीटरचा, चालून जातो, पण मग बोल्ट दिसले पाहिजेत, पट्टे दिसले पाहिजेत. नेटवर बघितलेली बरीच कस्टम मॉडेल्स इथेच फसलेली असतात, काम सुंदर पण एक भाग घराएवढा बोलतो आणि दुसरा कपाटाएवढा.

फेरफार करताना कमी करा पण नेमकं करा. पिन व्हाइसने (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) १ मिलिमीटरचं भोक पाडून पितळेची तार घातली की हात कुठेही पक्का बसतो, नुसत्या गोंदावर भरवसा ठेवू नका. बदलती शस्त्रं हवी असतील तर २ मिलिमीटरचे निओडिमियम मॅग्नेट, बसवायच्या आधी कुठली बाजू कुठे चिकटते त्याची मार्करने खूण करून घ्या. पाइप आणि होससाठी गिटारची गुंडाळलेली जाड तार अप्रतिम दिसते, तिच्यावर आधीच वेटोळी असतात, आणि जिथे मऊ वळण पाहिजे तिथे सोल्डर वायर. कुठल्याही प्लास्टिक किटची भाग कापून उरलेली चौकट असेल तर तिची काडी मेणबत्तीपासून थोडी लांब धरून मऊ होईपर्यंत तापवा आणि सावकाश ओढा, केसासारखी बारीक अँटेना तयार होते. चिलखताच्या जादा प्लेटसाठी ०.३ मिलिमीटरची प्लास्टिक शीट घ्या. जुनं डेबिट कार्ड वापरतात काहीजण, पण ते पाऊण मिलिमीटर जाड असतं आणि या आकाराला ते भिंतीसारखं दिसतं.

सांधा ढिला असेल तर सांध्यातल्या गोळीवर फेव्हीक्विकचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, खरंच पूर्ण, आणि मगच बसवा.

रंगाचं बोलायचं तर पीव्हीसीवर ऑइल किंवा इनॅमल पेंट नको, प्लास्टिकमधलं मऊपणासाठी घातलेलं केमिकल वर येतं आणि रंग महिनोन्महिने चिकट राहतो. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक मॉडेल कलर घ्या, पातळ करून दोन-तीन हात. एबीएसवर पण इनॅमलचा वॉश (खाचांमध्ये उतरवायचा अगदी पातळ रंग) भरपूर ओतू नका, घट्ट बसवलेल्या सांध्यात तो मुरला की प्लास्टिक तडकतं, आधी वार्निशचा थर द्या किंवा वॉश पण अ‍ॅक्रिलिकच वापरा. छोट्या मॉडेलला मूळ रंगापेक्षा थोडा फिका रंग द्या, लांबच्या मोठ्या वस्तूचा रंग आपल्याला फिकाच दिसतो आणि डोळा त्यावरून आकार मोजतो. रेघांमध्ये शुद्ध काळा नको, गडद तपकिरी किंवा राखाडी. कडांवर ६बी पेन्सिल घासा, धातू उघडा पडल्यासारखं दिसतं, आणि हे एवढं सोपं असूनही ब्रशच्या सिल्व्हरपेक्षा चांगलं दिसतं. रोबोच्या डोळ्याला आधी सिल्व्हर, त्यावर पारदर्शक लाल किंवा हिरवा.

शेवटी मॅट, म्हणजे चकाकी घालवणारं, वार्निश, सगळ्यावर, डोळा आणि लेन्स सोडून. चकाकी राहिली की खेळणं दिसतं. मुंबईत, कोकणात, गोव्यात असाल तर जून ते सप्टेंबर स्प्रेचा मॅट कोट मारूच नका, दमट हवेत तो पांढरट धुक्यासारखा बसतो. त्या दिवसांत पाण्याचं मॅट वार्निश ब्रशने लावा, नाहीतर कोरड्या दिवसाची वाट बघा. जपानमध्ये पण जूनच्या पावसात हाच प्रकार होतो. आणि तिथून सामान आणताना लक्षात ठेवा, स्प्रे पेंटचे कॅन आणि थिनर विमानात चालत नाहीत, चेक-इनमध्ये पण नाही, कटर आणि नीपर (भाग कापायची छोटी पक्कड) चेक-इन बॅगेत टाका.

कॅप्सूल परत करायचे डबे मशीनशेजारी असतात, पण एखादी पारदर्शक झाकणाची ठेवून घ्या. लाकडी चकतीवर रोबो, शेजारी तो ११ मिलिमीटरचा माणूस, आणि वरून अर्ध झाकण, धूळ बसत नाही. झाकणाला गोंद लावू नका, या प्लास्टिकला बहुतेक वेळा गोंद धरतच नाही, चकतीला गोल खाच पाडून त्यातच दाबून बसवा.