पैठणीचा बांगडी मोर फुलीच्या टाक्यात: नमुना आखण्यापासून पक्का होईपर्यंत

आलेख कागदावर काढलेला नमुना हा कच्चा नमुना. तो एकदा कापडावर पूर्ण भरून, चुकलेली घरं कागदावर दुरुस्त केली की मगच पक्का होतो. स्वतः नमुने बनवणाऱ्यांची बरीच कामं अर्धवट पडतात ती सुईमुळे नाही, तर आखणी, कापड आणि नोंद या तीन ठिकाणच्या ढिलाईमुळे. इथे उदाहरणाला पैठणीच्या पदरावरचा बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या वर्तुळातला मोर, घेतला आहे. मुनिया (पोपट), आसावली (फुलवेल) किंवा कमळ घेतलं तरी कृती हीच.

पैठणीची नक्षी निवडण्याला कारण आहे. ती उभ्या-आडव्या धाग्यांवर विणलेली असते, त्यामुळे तिच्या रेषा मुळातच पायऱ्यापायऱ्यांच्या असतात आणि फुलीच्या टाक्यात (क्रॉस स्टिच) सहज उतरतात. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यातल्या छतावरची वर्तुळं मोहात पाडतात खरी, पण ती कुंचल्याने काढलेली आहेत. त्यांची वळणं टिकवायची तर नमुना फार मोठा करावा लागतो. पहिल्या कामाला ती घेऊ नयेत.

आखणी

शाळेच्या स्टेशनरीत मिळणारा मिलिमीटरचा आलेख कागद पुरतो. एका फुलीसाठी 2 मिलिमीटर गुणिले 2 मिलिमीटरचं घर धरा. म्हणजे दर 2 सेंटिमीटरला 10 घरं होतात आणि कागदावरची दर दुसरी ठळक रेषा आपोआप दहाची रेषा बनते.

बांगडीचा व्यास 61 घरं घ्या. विषम आकड्यामुळे बरोबर मधोमध एक घर मिळतं आणि चारही बाजू त्यावरून मोजता येतात. वर्तुळ हाताने अंदाजाने काढू नका. सर्वांत वरच्या ओळीत मध्यावर 15 घरं भरा. मग प्रत्येक ओळ खाली उतरताना दोन्ही बाजूंना आधीच्या ओळीच्या टोकापासून बाहेर 3, 3, 2, 2, 1, 1, 1, 1 अशी घरं भरत जा. इथे वर्तुळाचा आठवा भाग संपतो. पुढे हाच क्रम उलटा करून उभ्या दिशेने वापरायचा, म्हणजे अगदी डाव्या आणि उजव्या कडेलाही मध्यावर 15 घरांची उभी रेघ येते. नियम इतकाच, की पायरी वरून खाली लहान होत जावी. मध्येच 3, 2, 3 असं झालं की त्या जागी वर्तुळाला टेंगूळ येतं, आणि ते कागदावर नाही, भरून झाल्यावर दिसतं.

मोराची मान आणि चोच आधी काढा, पिसारा नंतर. चोचीला एकच घर दिलं तर ती लांबून दिसत नाही. दोन आडवी आणि खाली एक अशी तीन तरी हवीत. डोळा फुलीने भरू नये, शेवटी एक गाठीचा टाका घालावा. बांगडीच्या आतली मोकळी जागा भरण्याचा मोह होतो. निम्मी तरी मोकळी ठेवा, मोर तिथूनच उठून दिसतो.

आता काठ. घोळ होतो तो इथेच. त्रिकोणी दात्यांचा काठ घेतला आणि एक दाता 8 घरांचा असला, तर काठाच्या आतल्या बाजूची लांबी 8 च्या पाढ्यातली संख्या अधिक 1 अशीच हवी, म्हणजे दोन्ही टोकं सारखी येतात. बांगडी 61, दोन्ही बाजूंना 6-6 घरांची मोकळी जागा, एकूण 73. आणि 73 म्हणजे 9 दाते अधिक 1. जमलं. हीच मोकळी जागा 5-5 ठेवली असती तर 71 झाले असते आणि शेवटचा दाता कोपऱ्यात दोन घरांनी कापला गेला असता. काठाची उंची 6 घरं ठेवली तर पूर्ण नमुना 85 गुणिले 85 चा होतो. चार कोपऱ्यांत 6 गुणिले 6 चे चौकोन उरतात, त्यात छोटं फूल बसवा. दाते कोपऱ्यात वळवत बसू नका.

कापड, दोरा, सुई

आपल्याकडे फुलीसाठी मॅटीचं, म्हणजे मोजता येतील अशा घरांच्या विणीचं, कापड मिळतं. छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी, लातूरची गंजगोलाई किंवा नांदेडचा वजिराबाद, अशा बाजारपेठांत लेस-लोकरीच्या दुकानात विचारा. मीटरवर मिळणाऱ्या स्वस्त मॅटीची एक खोड असते: तिची घरं चौरस असतीलच असं नाही. विकत घेण्याआधी पट्टी लावून 10 सेंटिमीटरमध्ये आडवी किती आणि उभी किती घरं येतात ते मोजा. 14 काउंटच्या (एका इंचात 14 घरं) चांगल्या कापडात दोन्हीकडे 55 येतात. आडवी 55 आणि उभी 51 आली, तर आपली 61 घरांची बांगडी आडवी 11.1 सेंटिमीटर आणि उभी जवळजवळ 12 होते. म्हणजे अंडं. असं कापड बांगडीला नको. सरळ वेलबुट्टीला चालेल.

85 घरं भागिले 14, म्हणजे नमुना 6 इंचांपेक्षा थोडा जास्त. चारही बाजूंना 3-3 इंच सोडून 12 इंचाचा चौकोन कापा. फ्रेमवाल्याला कडेला इतकी जागा लागते. कापल्याबरोबर कडांना शिलाई यंत्रावर झिगझॅग किंवा हाताने काजाचा टाका घाला, नाहीतर महिनाभरात कड उसवून अर्धा-पाऊण इंच खाऊन टाकते.

दोऱ्याचा हिशेब असा. सहा पदरी दोऱ्याची लडी 8 मीटरची असते आणि 14 काउंटवर दोन पदर वापरतात, म्हणजे एका लडीतून दोन पदरी 24 मीटर दोरा निघतो. एक पूर्ण फुली मागचा भाग धरून जवळपास 9 मिलिमीटर दोरा खाते. हिशेबाने 2600 च्या वर फुल्या निघायला हव्यात, पण सुरुवात, शेवट, सुईत उरणारं टोक आणि उसवलेला भाग वजा जाता 1700 च धरा. कागदावर प्रत्येक रंगाची घरं मोजून 1700 ने भागा आणि वरची पूर्ण संख्या घ्या. सगळ्या लड्या एकाच वेळी घ्या. पुढच्या खेपेला आणलेला तोच नंबर रंगात किंचित वेगळा निघू शकतो, आणि तो फरक मोराच्या छातीवर नेमका दिसतो.

रंग दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या दारात येऊन निवडा. पिवळ्या बल्बखाली गर्द हिरवा आणि मोरपंखी एकसारखे दिसतात. पैठणीच्या धूप-छाँव, म्हणजे हलताना पालटणाऱ्या, रंगाचा आभास हवा असेल तर जवळच्या दोन छटांचा एकेक पदर एकाच सुईत ओवा, उदाहरणार्थ जांभळा आणि गर्द निळा.

सुई बोथट टोकाची, 24 नंबरची टॅपेस्ट्री सुई. टोकदार सुई मॅटीचे धागे फाडते आणि घराच्या मधोमध घुसते.

कापडावर रेषा

कापड दोनदा घडी घालून मध्य काढा. मधलं घर हे नमुन्यातलं 43 वं. त्याच्या चारही बाजूंना 42 घरं येतात. आता कागदावरच्या दहाच्या रेषा कापडावर आणायच्या. मधल्या घराच्या डावीकडे 2 घरं सोडून पहिली रेषा (ही कागदावरची 40 नंतरची), उजवीकडे 7 घरं सोडून दुसरी (50 नंतरची), पुढे दोन्हीकडे दर 10 घरांवर. वर-खाली तसंच. रेषा साध्या दोऱ्याच्या धावदोऱ्याने घालतात, पण मासे पकडायची बारीक तंगूस जास्त चांगली. सुई तिला भोसकत नाही, त्यामुळे शेवटी एका ओढीत निघते. पाण्याने जाणाऱ्या पेनवर विसंबू नका. त्याच्या रेषेवर चुकून इस्त्री फिरली की डाग कायमचा बसतो.

एवढ्याला दीड-दोन तास जातात आणि ते नकोसे वाटतात. पण मोजणीतली चूक दहा घरांच्या आत सापडते ती यामुळेच.

भरणं

एक पदर 90 सेंटिमीटरचा घेऊन मधोमध दुमडा, दोन्ही टोकं सुईत ओवा, पहिला अर्धा टाका घालून मागे राहिलेल्या फासातून सुई काढा. गाठ लागत नाही आणि मागची बाजू सपाट राहते. दोन छटांच्या मिश्र दोऱ्याला ही युक्ती चालत नाही. तिथे 2-3 सेंटिमीटर टोक मागे ठेवून पुढच्या टाक्यांखाली दाबा. फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा. कापड फिरवून भरायला घेतलं की तो उलटा पडतो आणि तेवढा तुकडा वेगळाच चमकतो.

क्रम: आधी बांगडी, मग मोर, शेवटी काठ. बांगडी पूर्ण होऊन टोकाला टोक जुळलं म्हणजे मोजणी बरोबर. एका घराने जरी चुकली तरी मोर सुरू करू नका. जरीचा दोरा सर्वांत शेवटी, 30 सेंटिमीटरपेक्षा लांब नको. तो प्रत्येक टाक्याला घासून पिंजतो.

एप्रिल-मेमध्ये दुपारी काम काढू नये. घामेजल्या बोटांनी फिके रंग मळतात आणि वर धूळ बसते. सकाळची वेळ बरी, वाऱ्यालाही आणि उजेडालाही. काम थांबवताना रिंग (कापड ताणून धरणारी गोल चौकट) रोज काढून ठेवा. रात्रभर राहिलेल्या रिंगेची कड धूळ धरते आणि ते वळ धुतल्यावरही राहतात.

नोंदवही

मूळ आलेखाच्या दोन झेरॉक्स काढा. एकीवर भरलेली घरं रोज हायलायटरने रंगवायची, दुसरी घरात सुरक्षित ठेवायची. मूळ कागदावर फक्त दुरुस्त्या, लाल पेनने आणि त्याच दिवशी. "नंतर लिहू" म्हटलेली दुरुस्ती हमखास विसरते, आणि मग कापडावरचा मोर एक आणि कागदावरचा दुसरा.

वहीत पाच रकाने पुरे: तारीख, कोणता भाग, किती फुल्या, किती मिनिटं, काय बदललं. आपला नमुना मोकळी जागा सोडून साधारण 3000 फुल्यांचा होईल. सराव असलेला हात तासाला 100 ते 150 फुल्या घालतो. 120 धरल्या तर 25 तास. रोज एक तास बसणाऱ्याने महिनाभर धरावा, कारण उसवणं आणि धुणं यात धरलेलं नाही. "निम्मं झालं" असं डोळ्यांनी ठरवू नका. मोठा भाग भरला की काम पुढे गेल्यासारखं वाटतं, पण वेळ खातात ते एकेकट्या फुल्यांचे रंग. तासाचा वेग कुठे 60 वर आला ते वहीत दिसतं. तिथे रंगबदल फार आहेत असं समजा आणि एखादी छटा कमी करता येते का ते कागदावर पाहा.

चूक सापडली तर नेहमी उसवायचंच असं नाही. बांगडी, काठ आणि मोराची चोच, इथली चूक उसवा. पिसाऱ्यात एखादं घर इकडे-तिकडे झालं तर राहू द्या. उलट ते चांगलं दिसत असेल तर नमुन्यातच बदला. उसवलेला दोरा पुन्हा वापरू नये, तो पिंजलेला असतो.

हातात एका वेळी दोनच कामं ठेवा: एक मोजणीचं, एक काठासारखं सोपं. तिसरं रिंगेवर चढलं की तिन्ही धूळ खातात.

धुणं आणि नमुना पक्का करणं

तंगूस काढून टाका. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो आणि पांढरट थर टाक्यांत बसतो, म्हणून जारचं पाणी वापरा. थंड पाणी, लोकरीच्या कपड्यांचं सौम्य द्रव, चोळायचं नाही. लाल किंवा जांभळ्याने रंग सोडला तर घाबरून वाळत घालू नका. वाळला की डाग पक्का. पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाणी बदलत राहा. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि दमट असतानाच दुसऱ्या जाड टॉवेलवर उलटं ठेवून मागून इस्त्री करा. जरीच्या भागावर इस्त्री नको.

आता लाल दुरुस्त्यांसह आलेख नव्याने स्वच्छ काढा. वर लिहा: आकार 85 गुणिले 85, 14 काउंटवर साडेपंधरा सेंटिमीटर, एकूण फुल्या, प्रत्येक रंगाचा नंबर आणि लड्या, किती पदर. मग हा कागद ज्यांनी तुमचं काम पाहिलेलं नाही अशा कुणाला द्या आणि फक्त काठाचा एक कोपरा व चोच भरायला सांगा. त्यांनी फोन करून काही विचारलं, तर तेवढी ओळ कागदावर कमी आहे. ती लिहूनच नमुना पुढे द्या.