पांढऱ्यावर पांढरा ठसा : सोमनाथ होर यांच्या पद्धतीने

शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर (१९२१–२००६) यांनी १९७०च्या दशकात शांतिनिकेतनात ‘जखमा’ ही मालिका केली. तिच्यात पांढऱ्या कागदावर नुसत्या चिरा, भोके आणि फाटलेल्या कडा दिसतात. त्यांनी माती-मेणावर घाव घातले, त्यावरून सिमेंटचा साचा घेतला आणि साच्यात कागदाचा लगदा भरला. घरी हे करायला शाडू पुरते.

शाडूची ३० × ४० सेंमीची, २ सेंमी जाड लादी थापा. आधी रेखाटन करू नका, थेट सुरी चालवा. रेखाटलेली जखम सजावट वाटते. मातीतली खाच साच्यात उंचवटा होते आणि कागदावर पुन्हा खाच म्हणूनच उमटते, त्यामुळे चित्र उलटे होत नाही. मात्र खाच तोंडाशी रुंद, तळाशी निमुळती हवी. आत पोकळ गेलेली खाच साचा अडकवते, आणि फार अरुंद असेल तर साच्यातला उंचवटाच मोडतो.

लादीभोवती लाकडी चौकट लावा. आधी पातळ सिमेंट ब्रशने खाचांत भरा, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. वर एक भाग सिमेंट, दोन भाग चाळलेली वाळू, मध्ये तारेची जाळी. जाडी ४ सेंमी. ओल्या गोणपाटाखाली सात दिवस ठेवा. मग माती काढा, साचा धुऊन पूर्ण वाळवा आणि मेणाचा अगदी पातळ हात द्या. मेण जास्त झाले तर बारीक खुणा बुजतात.

लगद्यासाठी सुती चिंध्यांचा हातकागद घ्या, सुमारे १०० ग्रॅम. वर्तमानपत्र नको, ते पिवळे पडते. रात्रभर भिजवा, मिक्सरमध्ये एका लिटर पाण्यात २० ग्रॅम याप्रमाणे फिरवा आणि गाळून घ्या. लगदा साच्यात आधी उंचवट्यांच्या कडांशी बोटांनी दाबा, मग सगळीकडे ३–४ मिमीचा थर द्या. स्पंजने टिपत राहा. पाणी निघेल तसे तंतू एकमेकांत गुंततात. जोड दिसला तर तिथे लगदा कमी पडलाय.

सावलीत तीन-चार दिवस वाळवा. उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि कडा उचलतात. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून पंखा लावा. मधोमध हात लावल्यावर गार लागले तर अजून ओल आहे, सोडवू नका.

फ्रेममध्ये काच कागदापासून दूर ठेवा. दिवा बाजूने, तिरका लावा. समोरून उजेड पडला तर एकही चीर दिसणार नाही.