विळ्याने कापलेलं बोट बधिर करताना

सोयाबीनची सोंगणी लागली की प्राथमिक आरोग्य केंद्रात कापलेली बोटं येऊ लागतात, बहुतेक डाव्या हाताची. डॉक्टरने सुई टोचण्याआधी बोटाच्या दोन्ही कडांची संवेदना, टोकाचा सांधा वाकतो का आणि दाबलेल्या नखाखाली रक्त परततं का, हे पाहून केसपेपरवर लिहावं. एकदा बोट बधिर झालं की नस विळ्याने तुटली की औषधाने झोपली, हे कळायला मार्ग नसतो.

व्हायलवरचं लेबल पूर्ण वाचा. बधिर करायला हवं ते २ टक्के साधं, म्हणजे अ‍ॅड्रेनालिन न मिसळलेलं लिग्नोकेन. ४ टक्केवालं वरून लावायचं असतं, ५ टक्के ‘हेवी’ पाठीच्या कण्यात द्यायचं. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिग्रॅ. किलोमागे ३ मिग्रॅच्या वर जाऊ नका: ४० किलोच्या बाईला १२० मिग्रॅ, म्हणजे ६ मिली, १० किलोच्या पोराला फक्त दीड मिली. चूक होते ती पोरांमध्येच. त्यांच्यासाठी तेवढंच सलाईन मिसळून १ टक्का करा, हाताशी दुप्पट मिली येतात.

तळवा खाली ठेवून बोटाच्या मुळाशी एका बाजूने २६ नंबरची सुई घाला. वर अर्धा मिली सोडा, हाडाला लागून तळव्याकडे सरका, दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा आणि आणखी १ मिली सावकाश द्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मोठ्या माणसाला एकूण ४ मिलीच्या आत भागवा. बोटाभोवती फुगवटा दाटला तर रक्तपुरवठाच दबतो.

मग ५ ते १० मिनिटं थांबा. घाई इथेच नडते. आधी दुखणं जातं, स्पर्श मागून. ‘दुखत नाही जी, पण हात लावला तं समजते’ असं पेशंट म्हणाला, तर ब्लॉक, म्हणजे मुळाशी नस बधिर करणं, लागलाय. पुन्हा टोचू नका. रक्त थांबवायला बोटाला रबर बांधणार असाल तर आधी सिकलसेलबद्दल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) विचारा. आपल्या भागात हा प्रश्न विसरून चालत नाही.

पू झालेल्या जागी औषध थेट सोडलं तर ते नीट लागत नाही. तिथली आम्लता वाढलेली असते, औषधाचे रेणू भारित राहतात आणि नसेच्या आवरणातून आत शिरत नाहीत. दुखण्याचा निरोप पुढे नेणारी नसेतली सोडियमची दारं तर आतूनच बंद करायची असतात. म्हणून नखुरड्यालाही ब्लॉक मुळाशीच, निरोगी कातडीतून.

ओठाभोवती मुंग्या, तोंडाला धातूची चव, कानात गुणगुण, बरळणं: औषध रक्तात चढल्याच्या खुणा. लगेच थांबा, ऑक्सिजन लावा, शिरेची लाइन घ्या, झटके आले तर मिडाझोलाम द्या आणि १०८ बोलवा. २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचं चरबीचं दुधाळ द्रावण) असेल तर किलोमागे दीड मिली शिरेतून. आधी थेंबभर औषध टोचून केलेली कातडीतली टेस्ट निगेटिव्ह आली होती, याचा इथे काही उपयोग नाही. ती जादा मात्रेपासून वाचवत नाही.

बोटाला विंचू चावला तरी हाच ब्लॉक चालतो, पण अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं औषध नको: लाल विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनालिन आधीच उसळलेलं असतं. दुखणं थांबलं म्हणून घरी सोडू नका. दरदरून घाम, थंडगार हातपाय किंवा उलट्या दिसल्या तर विषाच्या परिणामावरचं औषध प्राझोसिन लागेल. ब्लॉकने विष उतरत नाही.