द्राक्षांच्या हंगामाआधी जुनी पिकअप अशी तयार करा

निफाड-दिंडोरीचा माल निघायला लागला की गाडीला सुट्टी नाही. म्हणून माझ्या जुन्या बोलेरो पिकअपचं काम मी दिवाळी झाली की लगेच काढतो.

आधी ब्रेक. वाशीला जाताना भरल्या गाडीनं कसारा घाट उतरायचा असतो, तिथे तडजोड नाही. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, चेसिसखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. मागच्या चाकांचे ड्रम काढून लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, बघा. झिजून रिव्हेटजवळ आले असतील तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. ब्रेक ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर दाबणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर जरा मागे सारा. आत ओल असेल तर तो गळतोय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. घाटात तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला, झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमध्ये अडकलेली हवा काढा.

मग पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. वायर ब्रशनं चिखल खरवडून तडा शोधा, पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टजवळ जास्त नीट. पाटे अ‍ॅक्सलला धरणारे यू-बोल्ट आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. मोडक्या पाट्यावर द्राक्षाचे क्रेट लादू नका. दणक्यांनी मणी गळतात, आणि ते शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट असतात.

डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. इंजिन ऑइल, एअर फिल्टर नेहमीप्रमाणे. रेडिएटर मात्र इंजिन गार झाल्यावरच उघडा.