पीटच्या दलदलीतून डोंगरावर : कुलकाची लाकडी पायवाट कशी चालावी

उत्तर आयर्लंडचा फर्मॅना परगणा आणि आयर्लंड प्रजासत्ताकाचा कॅव्हन परगणा यांच्या सीमेवर कुलका हा 665 मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. उंचीच्या मानाने तो फार मोठा नाही आणि नियमित चालणाऱ्याला अवघडही जाणार नाही. त्याचे वैशिष्ट्य आहे ते उतारांवर पसरलेल्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांच्या, दलदलीत. डोंगराला पांघरूण घातल्यासारखी ही दलदल दिसते, म्हणून तिला ब्लँकेट बॉग म्हणतात. पाणथळ जागांसाठीच्या रामसर कराराच्या यादीत हा डोंगर 1998 पासून आहे. फर्मॅनाच्या बाजूने 2015 मध्ये या दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट आणि तिच्या शेवटी कड्यावर चढणारा लांबलचक जिना बांधण्यात आला. त्या जिन्याचे छायाचित्र पाहून पुष्कळ लोक येथे येतात आणि ही सोय आपल्याला वर पोहोचवण्यासाठी केली आहे असे समजतात. मुळात ती फळ्यांखालची जमीन वाचवण्यासाठी केलेली आहे. हे ध्यानात ठेवले की तयारीतल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

जमीन आधी समजून घ्यावी

येथे पाऊस भरपूर पडतो, हवा थंड असते आणि पाण्याचा निचरा नीट होत नाही. अशा जागी स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. ते आपल्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते आणि आजूबाजूचे पाणी आम्लधर्मी करते. मेलेले शेवाळ त्या पाण्यात प्राणवायूअभावी पुरते कुजत नाही, थरावर थर साचत जातो आणि त्याचेच पीट होते. साचण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर असतो. म्हणजे घोट्याइतके रुतलेले एक पाऊल साधारण शंभर वर्षांच्या साठ्यात उतरलेले असते.

पाऊल काढून घेतल्यावर काय होते तेही पाहावे. खड्ड्यात तपकिरी पाणी भरते आणि दबलेले शेवाळ मरते. मागून येणारा माणूस तो चिखल टाळण्यासाठी थोडा बाजूने जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूने, आणि एका हंगामात हातभर वाट कित्येक मीटर रुंद होते. उघडे पडलेले काळे पीट उन्हात तडकते, वाऱ्यापावसाने वाहून जाते आणि पूर्वी साठवलेला कार्बन हवेत सोडू लागते. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के भागावर पीट आहे, पण सगळ्या जंगलांतल्या झाडांमध्ये मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त कार्बन या पीटमध्ये आहे. म्हणून या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल, तर ती ही : काहीही झाले तरी पाऊल फळीवरून खाली ठेवू नये.

कधी जावे, कसे पोहोचावे

पायथ्याचे सर्वांत जवळचे मोठे गाव एनिस्किलन हे आहे. डब्लिन आणि बेलफास्ट या दोन्ही शहरांतून तेथे बस येते, रेल्वे मात्र नाही. गावातून पायथ्यापर्यंत भाड्याची गाडी किंवा टॅक्सी करणे सोयीचे. टॅक्सी केल्यास परतीची वेळ आधीच ठरवून घ्यावी. वाटेच्या तोंडाशीच पैसे भरून गाडी लावण्याची जागा आहे, आणि तिच्यापासून सुमारे एक किलोमीटर अलीकडे किलीकीगन निसर्ग राखीव क्षेत्राचा वाहनतळ आहे. सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे गर्दी होते. अशा वेळी अरुंद रस्त्याच्या कडेला गाडी लावून शेतकऱ्यांची वाट अडवण्यापेक्षा सकाळी लवकर पोहोचावे.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. पायथा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये आहे. डब्लिनहून येताना सीमेवर चौकी लागत नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असे मुळीच नाही. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे, आणि तिच्यात बसणाऱ्या अल्पमुदतीच्या एकाच व्हिसावर दोन्ही देशांत जाता येते. मात्र व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असल्याची खात्री करावी, आणि ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात प्रथम उतरावे. पायथ्याशी चलन पौंड चालते, आणि डोंगराच्या वरच्या भागात मोबाइल कधी ब्रिटिश तर कधी आयरिश नेटवर्क पकडतो, तेव्हा रोमिंगची व्यवस्था तपासून ठेवावी.

वाट जाऊनयेऊन साधारण 12 किलोमीटर आहे. सरासरी वेगाने तीन तास लागतात, मुले बरोबर असतील तर चार धरावेत. जूनमध्ये येथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये मात्र दुपारी चार वाजताच सूर्य मावळतो. हिवाळ्यात जायचे झाल्यास सकाळी निघून दुपारच्या आत परतावे. माझ्या मते ऑगस्टचा उत्तरार्ध सर्वांत चांगला : हेदरची झुडपे जांभळी झालेली असतात आणि पक्ष्यांचा विणीचा काळ बहुतेक सरलेला असतो. त्या दिवसांत वारा पडला की मिज नावाची बारीक चावरी चिलटे त्रास देतात, तेवढी सहन करावी लागतात.

अंगावर आणि पाठीवर काय असावे

पायथ्याशी स्वच्छ ऊन असताना वरच्या कड्यावर ढग उतरलेला असणे ही येथली नेहमीची गोष्ट आहे, आणि उघड्या उतारावर वाऱ्याला अडवणारे एकही झाड नाही. जीन्स घालू नयेत, कारण भिजलेले सुती कापड अंगाची ऊब काढून घेते आणि दिवसभर वाळत नाही. आत घाम शोषून लवकर वाळणारा सदरा, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि वर पाऊस-वारा दोन्ही अडवणारे जाकीट, असे तीन थर पुरतात. टोपी कान झाकणारी असावी, किंवा तिला हनुवटीखाली बांधायचा बंद असावा. उडालेली टोपी दलदलीत पडली तर ती आणायला खाली उतरता येत नाही, आणि उतरूही नये.

बूट घट्ट पकडीचे आणि शक्यतो पाणी न शिरणारे असावेत. निघण्यापूर्वी त्यांचे तळवे घासून धुवावेत, कारण दुसऱ्या माळावरची माती आणि बिया तळव्याला चिकटून येथवर येतात. चालताना काठ्या वापरत असाल तर त्यांच्या टोकांना रबरी टोप्या घालाव्यात. उघडे धातूचे टोक दोन फळ्यांच्या फटीत अडकते, आणि जिना उतरताना तसे झाले तर माणूस पुढे फेकला जातो. पाणी, खाणे, भरलेली बॅटरी आणि एक रिकामी पिशवी बरोबर असावी. पिशवीचे काम पुढे येईलच.

चालताना

सुरुवातीचा मोठा टप्पा खडीच्या गाडीवाटेचा आहे. तो चढउताराचा आणि काहींना कंटाळवाणा वाटणारा आहे, पण घाईने उरकू नये. डाव्या-उजव्या बाजूंना मेंढ्या चरत असतात. फाटक उघडे असेल तर उघडे ठेवावे, बंद असेल तर आपण गेल्यावर पुन्हा बंद करावे. ही खासगी चराईची जमीन आहे आणि तिच्या मालकांनी वाट दिली म्हणून आपण चालतो आहोत. याच कारणाने, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठीही, येथे कुत्री आणण्यास बंदी आहे. दोरीला बांधलेले कुत्रेसुद्धा चालत नाही.

पुढे खडी संपते आणि फळ्या सुरू होतात. बुटांचा आवाज बदलतो, पोकळ होतो. ओल्या फळीवर टाच आधी न टेकवता पूर्ण तळवा सपाट ठेवावा, पावले थोडी आखूड घ्यावीत आणि वळताना पाय पिरगाळून न वळता दोन लहान पावलांत वळावे. सकाळच्या दवात किंवा हिवाळ्यातल्या गोठलेल्या थरावर ही सवय फार उपयोगी पडते.

समोरून माणसे येतात तेव्हाच खरी कसोटी असते. सभ्यपणाने दुसऱ्याला जागा द्यावी म्हणून आपण नकळत एक पाय खाली दलदलीत टाकतो. येथे सभ्यपणाचा तो मार्ग नाही. दोघांनीही अंगे आडवी करून, पाठीवरची पिशवी बाहेरच्या बाजूला घेऊन हळू सरकावे. गट मोठा असेल तर आपण रुंद जागा मिळेपर्यंत थांबावे आणि त्यांना जाऊ द्यावे. छायाचित्र काढतानाही तेच. ‘थोडे खाली उतरलो तर संपूर्ण जिना चौकटीत येईल’ हा मोह हमखास होतो, आणि ज्या जागी तो होतो त्या जागा ओळखू येतात : तेथे फळीलगतचे हिरवे शेवाळ नाहीसे होऊन काळा चिखल उरतो.

जिन्यावर पायऱ्या शेकड्यांनी आहेत. एका दमात चढण्याचा हट्ट नसावा. मध्ये थांबण्याच्या जागा आहेत, तेथे कठड्याकडे सरकून मागच्यांना पुढे जाऊ द्यावे. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणे जड जाते, म्हणून अर्धी शक्ती परतीसाठी राखून ठेवावी. वारा एवढा असेल की उभे राहताना तोल सावरावा लागतो, तर जिन्याच्या पायथ्यापासूनच मागे फिरावे.

खाणे, कचरा, नैसर्गिक विधी

संत्र्याची साल किंवा केळ्याचे साल ‘कुजून जाईल’ म्हणून फेकण्याची सवय अनेकांना असते. दलदलीत ती दोन कारणांनी चुकीची ठरते. पहिले म्हणजे येथे गोष्टी सहजी कुजतच नाहीत, ते आपण वर पाहिले. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही जमीन पोषणद्रव्यांच्या बाबतीत अत्यंत गरीब आहे, आणि येथली झाडे त्या गरिबीवरच जगायला शिकलेली आहेत. खतासारखे काहीही पडले की बाहेरची दांडगी गवते फोफावतात आणि शेवाळाला मागे सारतात. शिवाय उष्ट्या तुकड्यांवर कावळे आणि कोल्हे येतात व घरट्यांतली अंडीही खातात. म्हणून साली, टिश्यू, चहाच्या पिशव्या, सगळे त्या रिकाम्या पिशवीत परत न्यावे. लघवीसाठी आडोसा शोधत दलदलीत शिरणे याच न्यायाने टाळायचे. तशी सोय निघण्यापूर्वीच उरकून घ्यावी.

सिगारेट, शेगडी, शेकोटी यांपैकी काहीही पेटवू नये. वसंतातल्या कोरड्या आठवड्यांत वरचे जुने गवत काड्यांसारखे पेट घेते, आणि आग पीटमध्ये शिरली तर ती धुमसत खोल जाते व वरून विझलेली दिसत असतानाही जळत राहते. ड्रोनही सोडू नये, कारण घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला ती घिरट्या घालणारी घारच वाटते.

काय पाहावे

फळीवरच गुडघे टेकून कडेला डोळे लावावेत. पोपटी, गेरूसारख्या तांबड्या आणि पिवळसर रंगांच्या शेवाळाच्या उशा दिसतील. त्यांत एखादे नखाएवढे, लाल केसाळ पान असते आणि प्रत्येक केसाच्या टोकावर चिकट थेंब चमकत असतो. हे दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा. दलदलीत नत्र मिळत नाही म्हणून ते चिलटे पकडते आणि पचवते. थेंबाला चिकटलेले एखादे चिलट अजून पाय हलवत असेल, तर त्याच्यावर पान अगदी सावकाश वळत असते. डोळ्यांना ते वळणे जाणवत नाही, पण परतीच्या वेळी तेच पान पाहिले तर ते मिटू लागलेले दिसू शकते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कापूसगवताची पांढरी बोंडे वाऱ्यात एकाच दिशेने झुकलेली असतात. उंच भागात सोनेरी प्लोव्हर या पक्ष्याची एकसुरी, उदास शीळ ऐकू येते. ती सतत आणि जवळून येऊ लागली तर आपण घरट्याच्या शेजारी आहोत असे समजून पुढे सरकावे.

जिना संपतो तेथे एक लाकडी सज्जा आहे. बहुतेकांनी वाट येथेच संपली असे मानावे. खरा माथा आणखी पुढे, पठारावर आहे. तेथे प्राचीन काळची दगडांची दफन-रास आहे, पण तिच्याकडे जाण्यासाठी फळ्या नाहीत. पठार ओले आणि नाजूक आहे, ढगात कड्याची धार दिसत नाही, आणि अभ्यागतांनी सज्जापुढे जाऊ नये अशीच व्यवस्थापनाची विनंती आहे. 665 हा आकडा गाठला नाही याची रुखरुख लागू शकते, तरी ती घेऊन परत फिरणेच योग्य आहे.

कोणी जखमी झाले तर 999 किंवा 112 वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरी बचाव पथक, मागावे, आणि आपण फर्मॅनाच्या बाजूला कुलकाच्या लाकडी वाटेवर आहोत हे स्पष्ट सांगावे, कारण फोन सीमेपलीकडच्या केंद्रात लागू शकतो. जखमीच्या अंगावर कपड्यांचे आणखी थर घालून त्याला उबदार ठेवावे आणि तेव्हाही फळीवरच बसवावे.

उतरल्यानंतर

संध्याकाळी गुडघ्यांमागे, कंबरेला आणि काखेत गोचिडी लागल्या आहेत का ते तपासावे. त्यांच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. गोचीड असल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढावी.

दुसरा दिवस हाताशी असेल तर जवळच्या मार्बल आर्च गुहा आवर्जून पाहाव्यात. त्या 1985 पासून लोकांसाठी खुल्या आहेत, मात्र वर्षभर नसतात, म्हणून आधी चौकशी करावी. कुलकाचा माथा वालुकाश्माचा आहे आणि पायथा चुनखडीचा. दलदलीतून झिरपून ओढ्यांना मिळालेले पाणी चुनखडीपाशी आले की जमिनीत गडप होते आणि या गुहांमधून वाहते. पूर्वी यंत्रांनी पीट कापले जाऊ लागले, तेव्हा उतारांची पाणी धरून ठेवण्याची ताकद कमी झाली आणि गुहांमध्ये पूर येऊ लागले. त्यानंतर उतारांवरच्या चरांना बांध घालून दलदल पुन्हा ओली करण्याचे काम हाती घेतले गेले. गुहेत दिवा वर धरून पाहिले तर छतावरून थेंब गळताना दिसतो. आदल्या दिवशी आपण ज्या फळ्यांवरून चाललो, त्यांच्या खालून निघालेले पाणीही याच गुहांमधून पुढे जाते.