सोनेगाव ते लोणार: सिम्युलेटरमध्ये एफ-35 उडवताना

रडारला चकवणारे लढाऊ विमान सिम्युलेटरमध्ये, म्हणजे उड्डाणाचा आभास देणाऱ्या संगणकीय खेळात, हवेत ठेवणे अवघड नाही, कारण एफ-35 सारख्या विमानाचा तोल त्याचा संगणकच सांभाळतो. खरे कौशल्य लागते ते वेग वेळेवर उतरवण्याला. म्हणून या लेखात उड्डाणापेक्षा परतीच्या प्रवासाला अधिक जागा दिली आहे.

उड्डाणासाठी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि त्यात चालणारे इंडियाफॉक्स्टइको या इटालियन गटाचे एफ-35 पुरेसे आहे. कीबोर्डवर हे विमान उडवण्याचा हट्ट धरू नये. थ्रॉटलची (इंजिनाचा जोर कमी-जास्त करण्याची) पट्टी असलेली आणि मूठ फिरवून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची पट्टी) चालवता येणारी साधी जॉयस्टिक घ्यावी. गावात मोबाइलच्या डेटावर भूभागाची छायाचित्रे अडखळत उतरतात, तेव्हा सिम्युलेटरची रोलिंग कॅश (एकदा उतरलेली छायाचित्रे साठवून ठेवण्याची सोय) चालू ठेवून तोच मार्ग पुन्हा उडवणे सोयीचे पडते. भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच उड्डाणाला बसावे, आणि मे महिन्यात लॅपटॉपखाली हवा खेळती राहील याची काळजी घ्यावी.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी सुमारे 3,200 मीटर लांब असून ती समुद्रसपाटीपासून 1,033 फुटांवर आहे, त्यामुळे शिकाऊ माणसाला येथे भरपूर सवड मिळते. उड्डाणासाठी आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणारी व्यवस्था) लावलाच पाहिजे असे नाही. त्याने इंधन भसाभस जळते. विमान जमीन सोडून स्थिरपणे चढू लागले की लगेच चाके आत घ्यावीत, कारण वेग फार झपाट्याने वाढतो. फ्लॅपची (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखावरील पट्ट्यांची) चिंता संगणकावर सोडावी.

नंतर सुमारे 245 अंशांची, म्हणजे नैऋत्येकडची, दिशा धरून 25,000 फुटांवर जावे. वर्धा डाव्या हाताला राहते. ताशी 900 किलोमीटर वेगाने 300 किलोमीटरवरील लोणारचे विवर वीस मिनिटांत येते. मात्र जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचे हे वर्तुळ इतक्या उंचीवरून लहान दिसते, म्हणून ते नाकाखाली दिसेनासे होण्यापूर्वीच विमान अलगद कलते करावे.

स्टेल्थचा, म्हणजे रडारपासून लपण्याचा, अनुभव मात्र येथे मिळत नाही, कारण या सिम्युलेटरमध्ये शस्त्रेही नाहीत आणि शत्रूचे रडारही नाही. लढाईचे गणित असलेल्या सिम्युलेटरमध्ये स्टेल्थ विमान उडवायचे झाल्यास एवढे ध्यानात ठेवावे की त्याचा आकार समोरून सर्वात कमी परावर्तन देईल असा घडवलेला असतो. शस्त्रे पोटातील कप्प्यात असतात. कप्प्याचे दार उघडले की तेवढ्या क्षणापुरते लपणे संपते. पंखाखाली टांगलेले क्षेपणास्त्र तर सगळ्यावर पाणी फिरवते.

परतताना प्रत्येक हजार फूट उतरण्यासाठी साधारण साडेपाच किलोमीटर अंतर धरावे. म्हणजे 25,000 फुटांवरून येताना नागपूरच्या जवळपास 130 किलोमीटर आधी, धामणगाव रेल्वे येण्यापूर्वीच, थ्रॉटल मागे ओढायला हवा. या विमानाला वेगळा एअरब्रेक (हवेचा अडथळा वाढवून वेग कमी करणारी झडप) नाही. वेग मारायचे काम पंख-शेपटीवरील नियंत्रक पट्ट्याच करतात. कापसाने भरलेली ट्रॉली ओढत उतारावर निघालेल्या ट्रॅक्टरप्रमाणे येथेही थांबण्याचा विचार आधीच करावा लागतो. उजवीकडे वर्धा दिसेपर्यंत उंची 11,000 फुटांच्या आसपास आली असेल तर सारे ठीक चालले आहे असे समजावे.

वारा अनुकूल असल्यास उमरेडच्या बाजूने वळसा घेऊन 32 क्रमांकाच्या धावपट्टीकडे, म्हणजे त्याच धावपट्टीच्या आग्नेय टोकाकडे, यावे. सुमारे 18 किलोमीटरवर उंची 4,200 फूट आणि वेग 250 नॉटच्या (ताशी सुमारे 460 किलोमीटरच्या) खाली असावा. मगच चाके सोडावीत. त्यानंतर हेल्मेटच्या पडद्यावर दिसणारे उड्डाणमार्गाचे लहान वर्तुळ धावपट्टीच्या टोकावर बसवावे. नाक वर उचललेले दिसले तरी घाबरू नये, वेग कमी असताना विमानाची ठेवण तशीच असते. वर्तुळ टोकाच्या खाली घसरू लागले तर जॉयस्टिक मागे ओढण्याआधी थ्रॉटल थोडा पुढे करावा. चाके टेकल्यावर नाक हळूहळू खाली येऊ द्यावे आणि ब्रेक वेग 100 नॉटच्या आत आल्यावरच जोराने लावावेत.